पहिलं पाऊल मागे

एंगेलबर्टने आरशासमोर उभं राहून उजवा हात बाजूला धरला, डावा एका नसलेल्या खांद्यावर ठेवला आणि मनातल्या मनात एक-दोन-तीन म्हणत तो मागे सरकला. तिसऱ्या फेरीला त्याची पाठ खांबावर आपटली.

"खांब तिथेच असतो हो. गेली दोनेकशे वर्षं," कोट सांभाळायच्या खिडकीतून नोवाचेकबाई म्हणाल्या. हातातलं विणकाम काही त्यांनी थांबवलं नाही.

"माफ करा. जरा सराव करत होतो. बायकोला माहीत नाही."

"मग तिची पावलं कशाला गिरवताय?"

"तिची?"

"अहो, ही बायकांची पावलं. बघा की आत."

त्याने सभागृहाच्या दारातून आत पाहिलं. झुंबरांखाली अख्ख्या व्हिएन्नातले मिठाईवाले आपापल्या बायका घेऊन गरगर फिरत होते. पुरुष पुढे पाऊल टाकत होते, बायका मागे. पुरुषाचा हात बाईच्या पाठीवर, बाईचा त्याच्या खांद्यावर. झाडून सगळ्या जोड्यांची हीच तऱ्हा. एंगेलबर्टने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि तो पटकन खाली घेतला.

दोष ओटमारचा होता, निदान निम्मा तरी. ओटमार त्यांच्या गावच्या अग्निशमन दलाचा कॅप्टन, आणि पंचक्रोशीत त्याच्यासारखा वॉल्ट्झ नाच कुणाला येत नसे. वर्षभर दर गुरुवारी, बंबाच्या शेडचं दार आतून लावून, त्याने एंगेलबर्टला शिकवलं. ओटमारला येत होती ती पुरुषाची पावलं. तेव्हा समोरच्याच्या वाट्याला जी उरली, ती एंगेलबर्टने इमानेइतबारे पाठ केली. दोघंही साठी उलटलेले, दोघंही गावात शहाणे म्हणून ओळखले जाणारे. पण एवढी साधी गोष्ट बारा महिन्यांत एकाच्याही डोक्यात आली नाही.

आणि हे सगळं हेर्मिनेसाठी. चौतीस वर्षांच्या संसारात तो तिच्यासोबत एकदाही नाचला नव्हता. स्वतःच्या लग्नातसुद्धा गुडघ्याचं निमित्त सांगून खुर्चीला चिकटून बसला. नवं वर्ष लागलं की रेडिओवर वॉल्ट्झ सुरू होतो आणि सगळा देश आपापल्या स्वयंपाकघरात नाचतो. हेर्मिने दरवर्षी एकटीच, ॲप्रनसकट, टेबलाभोवती फिरायची आणि एंगेलबर्ट टाळ्या वाजवायचा. मागल्या वर्षी मात्र पहिले सूर आले आणि तिने रेडिओ बंद केला. आणि ती बशा विसळायला गेली. एंगेलबर्टच्या ते फार जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी तो ओटमारकडे गेला, आणि परतताना मिठाईवाल्यांच्या पुढच्या नाचाची दोन तिकिटं घ्यायची हे त्याने पक्कं केलं होतं. हेर्मिनेचं गावात केकचं दुकान होतं, त्यामुळे तिला संशय यायचं कारण नव्हतं. यंदा तर नव्या वर्षाला तिने रेडिओ लावलाच नाही, तेव्हाही त्याने आपलं गुपित राखलं.

"आता हो?" त्याने नोवाचेकबाईंनाच विचारलं.

"आता काय! गुडघा दुखतो म्हणून सांगा."

"ते चौतीस वर्षं सांगून झालंय."

नोवाचेकबाईंनी पहिल्यांदाच सुया खाली ठेवल्या. तेवढ्यात आतून पुकारा झाला, "आता बायकांची पसंती!" म्हणजे आता बाईने पुरुषाला उठवायचं, आणि पुरुषाने नाही म्हणायचं नाही. गावच्या नाचात हेर्मिने अशा वेळी सरळ दिराकडे जायची, नाहीतर पाववाल्याकडे. इथे दीरही नव्हता आणि पाववालाही.

दारात निळ्या झग्यातली हेर्मिने उभी राहिली. ती त्याच्याहून वीतभर उंच. प्रवेशाच्या वेळी बायकांना भेट दिलेली चॉकलेटांची डबी तिने नोवाचेकबाईंच्या हातात ठेवली.

"धरता का जरा? आणि तू रे, इथे काय लपलायस? चल."

"हेर्मिने, एक सांगायचं होतं."

"नंतर."

"अगं, माझी पावलं..."

"बायकांची पसंती आहे. नाही म्हणालास तर उद्या गावात तोंड दाखवू नकोस."

ती त्याला ओढत मधोमध घेऊन गेली. तळ्याचं पाणी सोडल्यावर चिखलात उरलेला मासा कसा दिसतो, हे कार्प मासे पाळणाऱ्या एंगेलबर्टला नीट ठाऊक होतं. आज आपण तसेच दिसत असणार, असं त्याला वाटलं. वर्षभराची मेहनत, तिकिटं, नवे बूट, सगळं पाण्यात. सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं.

तोच तिचा उजवा हात त्याच्या पाठीवर आला, चांगला घट्ट. सवयीने त्याचा डावा हात तिच्या खांद्यावर गेला. ती पुढे आली, तो मागे गेला. एक-दोन-तीन. कुणाच्या पायावर कुणाचा पाय पडला नाही. पहिली फेरी नशिबाने जमली असं त्याने धरलं. दुसरीही जमली. तिसऱ्या फेरीला त्याने मान वर करून पाहिलं, तर हेर्मिने ओठ दाबून हसू आवरत होती.

"हे कुठे शिकलीस?"

"गुरुवारी. बायकांच्या व्यायाम मंडळात."

"तिथे तर तुम्ही हातपाय हलवता."

"मग हे काय करतेय?"

तिने त्याला एका जाडजूड जोडप्याच्या बाजूने अलगद काढलं.

"ओटमारच्या बायकोच्या पोटात काही राहतं का? मार्चमध्येच येऊन सांगितलं तिने, तुझा नवरा बंबामागे माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे मागे सरकतो म्हणून. हसून हसून मेलो आम्ही. मग मी मंडळात सांगून टाकलं, आजपासून मी बाप्या."

"मार्चपासून?"

"मग! ओटमारपेक्षा बरी नेते की नाही?"

"अगं, तेव्हाच सांगायचंस. मी पावलं बदलून घेतली असती."

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी काही लपवून ठेवलंस. ते गुपित मी फोडू होय?"

एंगेलबर्टला असं भरून आलं की त्याची दोन पावलं चुकली. तिने पाठीवरच्या हाताने त्याला सावरलं आणि पुन्हा तालात आणलं. दारात नोवाचेकबाई चॉकलेटांची डबी छातीशी धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्याकडे कोट मागायला आलेला गृहस्थ ताटकळत होता.

वाद्यं थांबली. बायकांची पसंती संपली, आता पुरुषांनी पुढाकार घ्यावा, आणि पुढच्या वॉल्ट्झला गिरक्या उलट्या, डावीकडे घ्यायच्या, असं पुकारलं गेलं. आजूबाजूचे पुरुष छाती काढून सरसावले.

"डावीकडचा ओटमारने शिकवलाय?" हेर्मिनेने विचारलं.

"नाही."

"मग बसू या?"

एंगेलबर्टने डावा हात पुन्हा तिच्या खांद्यावर ठेवला.

"तू नेशील तिकडे," तो म्हणाला, आणि वाद्यं सुरू व्हायच्या आधीच त्याने एक पाऊल मागे घेतलं.