कॅल्क्युलसचं कार्ड

शब्दांची मुळं खणण्यात हयात घालवली, पण शेजारचं माणूस काही ओळखता आलं नाही. काय म्हणावं या कोशकारांना! पलीकडच्या रस्त्यावरच्या प्रकाशकाने गणितातल्या इंग्रजी शब्दांच्या कोशाचा पहिला भाग काढला. त्यातल्या तीन नोंदी यांच्या अजून न छापलेल्या कार्डांशी शब्दन् शब्द जुळल्या. कार्डांच्या कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक यांच्याकडे, दुसरी मुद्रितं तपासणाऱ्या बाईंकडे. बाई बावीस वर्षं शेजारच्या टेबलावर. झालं, संशयाने यांचं डोकं पोखरलं. बाई फोनवर हळू बोलल्या की यांचे कान टवकारायचे. बाई पाच मिनिटं लवकर निघाल्या की हे खिडकीशी.

शेवटी त्यांनी सापळा लावला. ‘कॅल्क्युलस’चं मूळ लॅटिन, अर्थ छोटा खडा, पूर्वी लोक खडे मांडून गणित करायचे. यांनी कार्डावर खड्याच्या जागी ‘खजुराची बी’ लिहिलं आणि ते बाईंना दिलं. पलीकडच्यांच्या दुसऱ्या भागात ही बी दिसली की बाईंना घरी पाठवायचं. आपलं काय, शेवटच्या मुद्रितात दुरुस्त करू.

दुसरा भाग आला. त्यात खडाच होता. प्रस्तावनेत यांच्याच जुन्या सल्लागार प्राध्यापकांचे, ज्यांना यांनी स्वतःच कधीकाळी कार्डांच्या नकला तपासायला धाडल्या होत्या, आभार मानले होते, ‘आपल्याजवळच्या नोंदी दिल्याबद्दल’. कोशकारांना हायसं वाटलं, आणि मग स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात बाई छापील पानांचा गठ्ठा घेऊन आल्या. “तुमचे डोळे दुखत होते ना, म्हणून शेवटचं मुद्रित मीच पास केलं. छापून झालं सगळं.”

कोशकारांनी घाईघाईने पान शोधलं. खजुराची बी. दोन हजार प्रतींत.

“हे तपासलं नाहीत? तुम्ही तर स्वल्पविरामसुद्धा सोडत नाही.”

“इतरांची कार्डं तीन-तीनदा तपासते. हे तुमच्या हातचं होतं.”

नजरचूक झाली म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण जीभ रेटेना.

“मी ते मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं. तुम्ही कार्डं बाहेर देता की काय, ते बघायला.”

बाईंनी चष्मा पुसला, कपाट उघडलं आणि पहिला खण ओढून टेबलावर आणून ठेवला.

“काय करताय?” कोशकारांनी विचारलं.

“तपासते,” बाई म्हणाल्या. “तुमच्या हातची सगळी.”