डोरीनच्या पार्टीची मोहरी

मी दगडी खल बोलतोय. आणि आधीच सांगून ठेवतो, पुढे जे ऐकाल ते अक्षर न् अक्षर खरं आहे. ज्या डोंगरातून मला फोडून काढलं, त्या रामटेकच्या डोंगराची शपथ!

आता नेमका रामटेकचाच डोंगर का, असं विचारू नका. मी तेव्हा लहान होतो. कधी मी रामटेक सांगतो, कधी कन्हान नदीच्या पात्रातला काळा दगड होतो म्हणून सांगतो. एकदा तर एका पाट्याला मी पटवून दिलं होतं, की माझ्यात राजाचं औषध कुटलं जात असे. बडीशेप होती ती. पण बाकी सगळं खरं.

एका पाथरवटानं मला घडवलं. माझं पोट खोल आणि कड जाड ठेवली. नागपूरच्या महाल भागातल्या बुधवारच्या बाजारात मला गोणपाटावर मांडलं. मनकर्णाबाईच्या आईनं मला उचललं, बोटानं टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाली, "हा द्या. हा बोलते." तिचं बरोबर होतं. तेव्हापासून मी गप्प बसलेलो नाही.

लग्नानंतर मी मनकर्णाबाईसोबत अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आलो. तिचे यजमान महादेवराव लोको शेडमध्ये फिटर होते. घरात सासरे होते, माळकरी. त्यामुळे कांदा-लसूणही दबकत यायचा, मटणाची तर गोष्टच नको. माझ्यात आलं, मिरं, वेलची, आणि लोणच्याच्या दिवसांत मोहरी.

मोहरी फेसण्यात मनकर्णाबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. थोडं थंड पाणी शिंपडायचं, बत्ता फिरवायचा, पुन्हा पाणी, पुन्हा बत्ता. मोहरी फुगून पांढरट होते आणि एकदम नाकात चढते. मनकर्णाबाईची मोहरी चढली, की शेडमधली इंजिनं शिंकायची, असं मी सांगत असे. इंजिनांचं जाऊ द्या, पण पलीकडची डोरीन नक्की शिंकायची.

डोरीन म्हणजे हेक्टर गार्डची बायको. अँग्लो-इंडियन, फुलाफुलांचा झगा, केसांना पिना. दोन क्वार्टरच्या मध्ये छातीएवढी भिंत होती. त्या भिंतीवरून दोघींचा संसार चालायचा. इकडून भाकरी जायची, तिकडून केक यायचा. मनकर्णाबाईनं तिला मराठी शिकवलं आणि डोरीननं तिला विणकाम. दोन्ही अर्धवटच राहिलं, पण कोणाचं अडलं नाही.

मग माझ्यावरून भांडण झालं.

मनकर्णाबाई पेरणीसाठी माहेरी गेली होती. जाताना मला डोरीनकडे देऊन गेली, मिरं कुटायला. डोरीननं मिरं कुटलं. पण एका रविवारी हेक्टरसाहेबांना खिम्याच्या गोळ्यांची करी खायची लहर आली आणि तिनं माझ्यात डुकराचं मटण कुटलं. गरम पाण्यानं तीनदा धुतलं बिचारीनं. पण लपवाछपवी तिला जमायची नाही. मनकर्णाबाई परत येताच तिनं भिंतीवरून हसत हसत सांगून टाकलं.

मनकर्णाबाईचा चेहरा पडला. "मले इचारलं होतं का तू?"

"धो के दिया ना, मनका! गरम पानीसे!"

"दगड धुतला म्हणून त्याच्या पोटातलं निघते का वं? घरात माळकरी मानूस हाय माह्या. आता हा मी चुलीपाशी कसा नेऊ?"

तोपर्यंत डोरीन हसत होती. आता थांबली. "असं बोल ना मग. हमारा हाथ लगा, तर तुझा दगड बाटला."

"मी तसं नाही म्हटलं."

"तसंच म्हटलं."

झालं. मनकर्णाबाईनं मला घरात घेतलं नाही, डोरीननं ठेवून घेतलं नाही. मी बत्त्यासकट भिंतीवर राहिलो, ना इकडचा ना तिकडचा. पावसाचं पाणी साठलं, कावळे आंघोळीला येऊ लागले. दोन दिवाळ्या आणि दोन ख्रिसमस गेले. दोघी माझ्या दोन्ही बाजूंनी कपडे वाळत घालायच्या आणि एकमेकींच्या धुण्याकडे बघायच्या, तोंडाकडे नाही.

सदुसष्टच्या हिवाळ्यात बातमी आली, की हेक्टरसाहेबांचं सगळं घर ऑस्ट्रेलियाला निघालं, कायमचं. महादेवरावांनी जेवताना सांगितलं. "शनिवारी पार्टी हाय त्यांच्या घरी. आपल्यालेही बोलावलं. सोमवारी गाडी."

मनकर्णाबाई म्हणाली, "जाऊ द्या. मले काय करायचं?" आणि वाढायची भाजी महादेवरावांच्या पाण्याच्या तांब्यात टाकली.

मला भिंतीवरून सगळं दिसत होतं. डोरीन अशीच गेली, तर या दोघी जन्मभर न बोललेल्याच राहणार. ऑस्ट्रेलियात कुठली आली भिंत?

शनिवार उजाडला. डोरीननं अंगणातच शेगडी मांडली. तिच्या पार्टीत एकच पदार्थ व्हायचा आणि त्यासाठी अर्धी कॉलनी जीव टाकायची. हॅमचे गोड-खारे पाव. कामठीहून आणलेलं हॅम, बेकरीतली पावाची अख्खी लादी, डब्यातलं चीज, आणि वरून ओतायचा लोण्याचा, साखरेचा, मोहरीचा रस. सगळी मदार त्या मोहरीवर. पण विलायती मोहरीचा पिवळा डबा रिकामा निघाला आणि बाजारात तो मिळेनासा झालेला. म्हणून डोरीननं किराणा दुकानातली साधी मोहरी आणली, चहाच्या कपात टाकली, वर उकळतं पाणी ओतलं आणि लाटण्याच्या टोकानं ठेचायला बसली.

अलीकडे मनकर्णाबाई कपडे वाळत घालत होती. एकच ओलं लुगडं ती तिसऱ्यांदा पिळत होती. उकळत्या पाण्यानं मोहरीचा जीव जातो. ती चढत नाही, नुसती कडू होते. समोर कोणी मोहरी अशी मारत असताना गप्प बसणं तिला जमण्यासारखं नव्हतं. पण आधी बोलायचं कोणी?

तेव्हा मी ठरवलं, आता आपणच काहीतरी करायला हवं. दगडाला काय कळतं, असं लोक म्हणतात. मी श्वास घेतला, अंग आवळलं आणि भिंतीवरून पलीकडे उडी मारली!

धाडकन आदळलो. कडेचा एक टवका उडाला. डोरीन किंचाळून उठली. कप लवंडला.

भिंतीवरून मनकर्णाबाईचं डोकं वर आलं. "मांजर होतं वं, मांजर! लागलं तं नाही?"

दोन वर्षांतले पहिले शब्द. डोरीन कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तेरा पत्थर मेरे पाँव पे गिरता तो?"

"पडला असता तं बरंच झालं असतं. जाणं तरी राहिलं असतं तुह्यं."

डोरीननं लवंडलेला कप उचलला. मनकर्णाबाईनं सांडलेल्या मोहरीकडे बोट केलं. "हे काय करून राहिली होती? गरम पाणी काहून टाकलं?"

"चाय में भी तो डालते हैं।"

"चाय हाय का ते? थांब, येतो मी."

पदर खोचून ती फाटकातून आली. हातात गुळाचा खडा होता, कारण साखर रेशनवर होती आणि डोरीनच्या घरात ती कधीच संपली असणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं मला आणि बत्त्याला उचललं, नळाखाली धरलं आणि मोहरी मागितली.

डोरीन म्हणाली, "इसमें करेगी? बाटलेल्या दगडात?"

मनकर्णाबाई खाली बघत बत्ता पुसत राहिली. "बाटला हाय म्हणूनच तं भेव नाही आता. दोघींचा हाय तो. ... त्या दिवशी मी लई टोचून बोलली वं."

"मैं भी," डोरीन म्हणाली आणि घाईघाईनं कांदा चिरायला बसली.

मग माझ्यात मोहरी पडली. किती काळानं! थंड पाणी, बत्ता, पुन्हा पाणी. मी अशी मोहरी फुलवली, की पुलावरून जाणारी मालगाडी शिंकून रुळावरून घसरता घसरता राहिली. बरं, मालगाडी नाही. पण हेक्टरसाहेब खोलीतून डोळे पुसत बाहेर आले आणि दोघींना शेजारी शेजारी बसलेलं पाहून पुन्हा आत गेले.

मनकर्णाबाई लादीचा एकेक पाव सुटा करायला लागली, तशी डोरीन ओरडली, "तोड मत! पूरी लादी एकसाथ कापायची, वरचं झाकण उचलायचं, भरायचं, झाकण ठेवायचं. बस. इतना आसान है, म्हणून तो पार्टी में बनाते."

लादी आडवी कापली. हॅम लावायची वेळ आली, तेव्हा मनकर्णाबाई पाठ करून बसली. "झालं का वं?"

"नाही अजून."

"आता?"

"आता चीज. ... हां, झाकलं."

"मंग फिरतो." आणि फिरून तिनं वरून रस ओतला. लोणी, गूळ, माझ्यातली मोहरी, बारीक कांदा, थोडा शिरका. बोट चाटून म्हणाली, "गोड हाय, खारं हाय, नाकातही जाते. पण वरून काहीतरी पाह्यजे." घरी जाऊन खसखस घेऊन आली. "अनारशाले लावतो ना आम्ही, तशी." डोरीननं आधी नाक मुरडलं, मग मूठभर पेरली.

एका कोपऱ्यात डोरीननं हॅमऐवजी उकडलेला बटाटा भरला होता. मनकर्णाबाई पाठमोरी होती तेव्हा. "ये कोना तुम्हारा," म्हणून तिनं दाखवून दिला. सगळं छान झालं. लादी बेकरीच्या भट्टीत गेली. आणि परत आली तेव्हा दोघी तिच्याकडे बघतच राहिल्या. खरपूस, चकचकीत, खसखशीनं भरलेली. आणि चारही कोपरे सारखे! भट्टीवाल्यानं कुठून कशी फिरवली, कोणास ठाऊक. बटाट्याचा कोपरा कोणता?

संध्याकाळी अंगणात कंदील लागले, ग्रामोफोन वाजू लागला. पाहुणे टेबलाभोवती जमले. महादेवराव नवीन सदरा घालून कोपऱ्यात अवघडून उभे, शेजारी मनकर्णाबाई. मला टेबलाच्या टोकाला उरलेल्या मोहरीसकट ठेवलं होतं, म्हणून हे मी जवळून पाहिलं.

मनकर्णाबाई हळूच म्हणाली, "राहू दे वं. मी पाणी पेतो. समजलं मले."

डोरीननं ऐकलं नाही. तिनं सुरी घेतली आणि एका कोपऱ्याच्या पावाचं झाकण उचललं. हॅम. दुसऱ्या कोपऱ्याचं उचललं. हॅम. चकाकणारी लादी विस्कटली, खसखस सांडली. हेक्टरसाहेब कुजबुजले, "डोरीन, लोग रुके हैं। सारी सजावट बिगड़ रही है।"

"रुकने दो," ती म्हणाली.

तिसऱ्या कोपऱ्यातही हॅम. ग्रामोफोनची तबकडी संपून नुसती खरखरत होती. चौथं झाकण उचललं. पिवळा बटाटा. डोरीननं तो पाव सोडवला, सुरी खाली ठेवली आणि आपल्या हातानं मनकर्णाबाईपुढे धरला.

महादेवरावांनी सवयीनं इकडे तिकडे पाहिलं, आपला बाप जवळपास आहे का म्हणून. मनकर्णाबाईनं पाहिलं नाही. तिनं तो पाव डोरीनच्या हातातूनच खाल्ला, वाकून, एका घासात अर्धा.

"कसा?" डोरीननं विचारलं.

"मोहरी चांगली झाली," मनकर्णाबाई म्हणाली. आणि उरलेला अर्धाही संपवला. मग लोक लादीवर तुटून पडले.

सोमवारी गाडी गेली. त्याच दिवशी मनकर्णाबाईनं मला घरात नेलं. सासऱ्यांनी विचारलं, "हा बाहेर होता ना?" ती म्हणाली, "होता." एवढंच.

आता क्वार्टर सुटलं, सासरे गेले. महादेवराव निवृत्त झाले. मुलाच्या नव्या घरात ओट्यावर मिक्सर आहे. तो घरघरतो, मी दाराला टेका देऊन बसतो. तक्रार नाही. वर्षातून एकदा, लोणच्याच्या दिवसांत, मनकर्णाबाई मला उचलते. आता तिला दोन्ही हात लागतात. मिक्सर तापतो आणि मोहरी कडू होते, असं ती सुनेला सांगते. सून मान हलवते आणि नाकाला पदर लावून स्वयंपाकघराबाहेर जाते.

माझं मागणं एवढंच. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर शेजारीण मागायला आली की द्या. परत आला की फार हुंगत बसू नका.

आणि हो, शपथ घेतली होती, म्हणून एक कबुली देतो. उडीचं मी रचलं. दगड उडी मारत नाही. मारता आली असती, तर दोन वर्षं कावळ्यांची आंघोळ कशाला सोसली असती? त्या सकाळी मनकर्णाबाईनं आधी मागे वळून सासरे झोपलेत का ते पाहिलं. मग टाचा उंचावून पलीकडे डोरीनचे पाय कुठे आहेत ते पाहिलं. आणि लुगडं झटकत झटकत मला कोपर लावलं.

मांजरही नव्हतं. हेक्टरसाहेबांकडे असा कुत्रा होता, की त्या ओळीत मांजर फिरकतच नसे. हे मनकर्णाबाईला ठाऊक होतं. आणि तिच्यापेक्षा जास्त डोरीनला.