सुपातले तांदूळ

"मंडळाची खोली नाय मिळायची, वहिनी. शिमगा तोंडावर आलाय, नमनाच्या खेळाची तालीम चालू हाय," गावकरी मंडळाचे गुणाजी म्हणाले.

"मग माझ्या नलीनं दहावीचा अभ्यास काय मृदुंगावर बसून करायचा?" रुक्मिणी फणकारून निघाली. घरात पाय पसरायला जागा नाही, आणि नली नापास झाली तर तिला गावी नेऊन उजवायची, हे नवऱ्यानं सांगूनच टाकलेलं.

असल्फ्याच्या डोंगरावरच्या त्यांच्या वस्तीत, पलीकडच्या गल्लीत बुद्धविहार होता. तिथल्या ट्यूबलाइटी एवढ्या लख्ख, की एकदा सांताक्रूझचं विमान चुकून तिथंच उतरायला निघालं होतं म्हणे! संध्याकाळी वस्तीतली सगळी पोरं तिथं अभ्यासाला. बँकेतला भीमराज गणित शिकवी, घराघरांतून चहा येई. दारात रोज एक बाई सूप घेऊन बसे. तिच्या धाकानं गल्लीतले रेडिओसुद्धा कुजबुजत. आणि दुष्काळात जालन्याहून आलेल्या सुंदराबाईची लेक करुणा नलीच्याच वर्गात पहिली! रुक्मिणी अशी जळे, की तिच्या पाठीवर पापड भाजून निघाले असते.

त्या दिवशी ती नुसती डोकवायला गेली.

"बघता काय, ताई? लेकीला बसवा की आत," सुंदराबाई म्हणाली.

"फुकट?"

"फुकट कसं? इथं पाळी असती. दारात बसायचं, तांदूळ निवडायचे, गोंगाट करणाऱ्याला हाकलायचं."

विहारातलं पाणीही कधी न घेतलेली रुक्मिणी दुसऱ्या दिवसापासून सूप घेऊन बसली. चहाही प्यायली. नमनवाले वाजतगाजत आले, तेव्हा सूप उगारून अशी गरजली की मृदुंगाला आठवडाभर ताप आला.

"वहिनी, तुम्ही आमच्यातल्या की त्यांच्यातल्या?" गुणाजी चिडले.

"मी दहावीतली! चला, निघा!"

एका संध्याकाळी आतून नली ओरडली, "सुटलं! सुटलं!"

रुक्मिणीनं सूप खाली ठेवलं, पदर सावरला, हात पुढे केले. नली धावत बाहेर आली ती आईला ओलांडून, नळावर भांडी घासणाऱ्या सुंदराबाईकडे.

"मावशी, ते कालचं गणित सुटलं!"

सुंदराबाईला अक्षर येत नव्हतं. पण ती रोज नलीला विचारी, "सुटलं का गं?" रुक्मिणीला ते विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.

सुंदराबाईनं ओले हात नलीच्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. दोघी खिदळल्या.

रुक्मिणीनं सूप परत मांडीवर घेतलं. तांदूळ केव्हाच निवडून झाले होते. तरी ती खडे शोधत राहिली.

"ए, हळू बोला गं," मान वर न करता ती खेकसली, "आत पोरं अभ्यास करतायत."