दार उघडेपर्यंत

मॅनेजर त्या घरात लिफ्टने आला होता. बरोबर कुणी नव्हतं. दार उघडलं, एक राखाडी बोका बाहेर पडला, पायपुसण्यापाशी थांबून त्याने घराची पाहणी केली आणि थेट आत जाऊन खुर्चीवर बसला. काम काही करायचं नाही, पण नजर सगळ्यावर. जेवायला जरा उशीर झाला तर असं बघायचं की समोरच्याला आपली नोकरी गेलीच असं वाटावं. म्हणून तो मॅनेजर.

त्याच्या हाताखाली जो माणूस होता, त्याला ऑफिसात थंडोबा म्हणत. तो एका लिफ्ट कंपनीच्या मदतीच्या फोनवर बसायचा. लिफ्ट अडकली की आतला माणूस तांबडं बटण दाबतो, ते थेट थंडोबाच्या कानात वाजतं. त्याला साधा स्क्रू पिळता येत नव्हता. मेकॅनिक पोहोचेपर्यंत माणसाला बोलतं ठेवायचं, एवढंच त्याचं काम. दिवसभर तो परक्या लोकांना सांगायचा, मी इथेच आहे, कुठेही जात नाही. मग दार उघडायचं आणि ते लोक फोन आपटून पळायचे. त्याचं त्याला वाईट वाटत नसे. निदान पहिल्या वर्षानंतर तरी नाही.

त्या कामाचे नियम होते. खोटी वेळ सांगायची नाही. फोन आपण आधी ठेवायचा नाही. आणि अडकलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, मग बाहेर त्याची गाडी चोरीला गेलेली का असेना.

अशातच मॅनेजरची मूत्रपिंडं निकामी झाली. त्याच्या जुन्या डॉक्टरांनी दवाखाना मुलाच्या हवाली केला होता आणि मुलाने तिथे चष्म्याचं दुकान थाटलं होतं. तरी पोरगा चांगला. त्याने बोक्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, नंबर नाही म्हणाला आणि वडिलांना फोन लावून दिला. डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट ऐकून घेतले. आता औषधांचा छळ नको, म्हणाले, इंजेक्शन देऊन हाल न होता जाऊ दे. घरी येणारा कुणीतरी चांगला बघ.

घरी येणारा हवाच होता. मॅनेजरला दवाखान्यात न्यायच्या टोपलीचं भयंकर वावडं. पूर्वी टोपली दिसली की तो माळ्यावर पळायचा. आता तेवढी ताकद उरली नव्हती, म्हणून तो नुसते डोळे मिटून घ्यायचा. थंडोबाला ते पळण्यापेक्षा जास्त लागलं. हा घाबरून जाता कामा नये, एवढं एकच त्याने मनाशी धरलं.

थंडोबाच्या ताईचं फोनवर म्हणणं, जवळचा कुठलाही डॉक्टर गाठ, तू काय जावई शोधतोयस? आणि नंतर दुसरं पिल्लू आण. थंडोबा हं म्हणाला. ताईचे फोन लवकर संपत. तिचं घर भरलेलं होतं, मागून कुणी ना कुणी तिला हाक मारत असे.

थंडोबाला माणसाची पारख एकाच गोष्टीवरून येत होती, ती म्हणजे फोनवरचा आवाज. त्याने सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचं ठरवलं: तो घाबरला तर तुम्ही काय करता?

पहिल्या दवाखान्यातल्या मुलीने वाक्य संपायच्या आत उत्तर दिलं, गुंगीचं इंजेक्शन पॅकेजमध्येच आहे सर, शिवाय पंजाचा ठसा फ्रेम करून मिळेल, फ्रेम सोनेरी हवी की लाकडी? थंडोबाने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरने तोंड फिरवलं.

दुसरे डॉक्टर गडगडून हसले. अहो, मांजर कसलं घाबरतंय, घाबरतो तो मालक! वर त्यांनी आपण आजवर किती जनावरांना निरोप दिला याची कहाणी सुरू केली. ती एका घोड्यापर्यंत पोहोचली तरी आटपेना, आणि फोन आधी ठेवायची सवय नसल्यामुळे थंडोबाला घोडा मरेपर्यंत ऐकावं लागलं.

तिसऱ्या डॉक्टरबाई प्रश्न ऐकून गप्प झाल्या. फोन कटला की काय असं वाटण्याइतक्या गप्प. मग म्हणाल्या, "मी थांबते. त्याची भीती जाईपर्यंत हात लावत नाही."

झालं, निवड झाली. असा आवाज ऑफिसात असता तर मेकॅनिक उशिरा आले तरी चाललं असतं.

बाई यायच्या दुपारी थंडोबाने रजा घेतली. मॅनेजर सकाळपासून त्याच्या मांडीवर होता, अंगावर जुना स्वेटर, श्वास उथळ. उठायची सोय नव्हती, म्हणून दार नुसतं लोटून ठेवलं होतं. फोन वाजला.

"मी आलेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. तो आवाज त्यांचा राहिला नव्हता. "तुमच्या लिफ्टमध्ये आहे. ही थांबलीये. दिवे गेलेत. मला... मला बंद जागेत नाही जमत हो."

लिफ्ट दुसऱ्याच कंपनीची होती. त्यांच्या मदतीच्या नंबरवर सनई वाजत होती, ती ऐकून बाईंचा धीर आणखी सुटला होता. थंडोबाच्या दारापासून लिफ्ट हाकेच्या अंतरावर. जावं तर मॅनेजरला खाली ठेवावं लागणार. त्याने बाईंना सांगितलं, एक सेकंद, मी लाइनवरच आहे, आणि दुसऱ्या फोनवरून वॉचमनला कळवलं. वॉचमन म्हणाला, वरच्या लिफ्टच्या मशीनच्या खोलीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे आहे, ते दुपारी झोपतात, पण उठवतो.

मग थंडोबा बसल्या जागी कामाला लागला. बाईंना खाली बसायला लावलं. चपला काढायला लावल्या. पिशवीत काय काय आहे ते हाताने चाचपून सांगा म्हणाला. स्टेथोस्कोप निघाला, टॉवेल निघाला, इंजेक्शनचा डबा निघाला, बिस्किटांचा पुडा निघाला. एक बिस्किट खा, म्हणाला, हळू चावा.

"तुम्ही जाऊ नका हं," बाई म्हणाल्या.

"मी इथेच आहे," थंडोबा म्हणाला. त्याचा दुसरा हात मॅनेजरच्या पाठीवर फिरत होता. "कुठेही जात नाही. दार उघडणार आहे. आपण काही करायचं नाही, नुसतं बसायचं. अंधार आहे, असू दे. मी बोलत राहतो."

मॅनेजरचा एक कान आवाजाकडे वळला. त्या घरात सलग इतकं बोलणं त्याने कधी ऐकलं नव्हतं. घरी आल्यावर थंडोबाकडे शब्द उरतच नसत. बोक्याने हनुवटी त्याच्या मनगटावर टेकवली, एक लांब श्वास सोडला, आणि पुढचा घेतला नाही.

थंडोबाचा हात थांबला. आवाज थांबला नाही.

"मॅनेजर कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"निवांत आहे," थंडोबा म्हणाला. "दुसरं बिस्किट घ्या."

वॉचमन किल्ली घेऊन आला, काहीतरी खडखडलं, बाई बाहेर पडल्या. चपला हातात धरूनच घरात आल्या, खाली बसल्या आणि स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या.

"कधी?"

"तुम्ही पहिलं बिस्किट खात होतात तेव्हा."

"सांगायचं नाही का?"

"अडकलेल्या माणसाला वाईट बातमी देत नाहीत. आमच्या लिफ्टच्या फोनवरचा नियम आहे."

बाईंनी नळ्या कानांतून काढल्या. बिस्किटाचा चुरा अजून त्यांच्या ओढणीवर होता. "मी थांबते म्हणाले होते," त्या पुटपुटल्या.

"थांबलात की. लिफ्टमध्ये."

हसावं की काय ते दोघांनाही कळेना, म्हणून दोघं मॅनेजरकडे बघत बसले. त्याचंही काही मत दिसलं नाही. बाईंनी त्याला टॉवेलात गुंडाळलं, चेहरा उघडा ठेवून, झोपलेल्याला गुंडाळावं तसं, आणि त्याच्या खुर्चीवर ठेवलं. सकाळी येऊन घेऊन जाईन, म्हणाल्या, आज असू दे तुमच्याजवळ. पुढच्या घरी एक कुत्री त्यांची वाट बघत होती.

त्या जिन्याने गेल्या. घर एकदम मोठं झालं. इतका वेळ बोलून थंडोबाचा घसा बसला होता आणि आता बोलायला समोर कुणी अडकलेलं नव्हतं.

फोन वाजला.

"पोहोचले खाली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमचे अडकलेले लोक सुटल्यावर कळवत नसतील, म्हणून केला." मग म्हणाल्या, "ठेवा आता."

"आम्ही आधी ठेवत नाही."

त्यांनीही ठेवला नाही. फोन पिशवीत टाकल्याचा आवाज आला, स्कूटर सुरू झाली, कुणीतरी हॉर्न मारला, कुणीतरी त्यांना रस्ता मोकळा करा म्हणून झापलं. थंडोबाने फोन खुर्चीवर टॉवेलाशेजारी ठेवला, स्पीकर लावला आणि जमिनीवर बसून तो बाहेरचा सगळा गलका ऐकत राहिला.