गुरुवारची खडखड

मित्रांनो, गेल्या कित्येक वर्षांत माझ्यासमोर बसून गार वारा घेतला असं सांगणारा माणूस तुम्हाला शोधूनही सापडायचा नाही. तरी मी पंखाच आहे. जुना, लोखंडी, टेबलावर ठेवायचा. तीन पाती, तीन बटणं आणि पुढची जाळी जराशी चेपलेली. माझ्या आवाजाबद्दल तर विचारूच नका.

नवा होतो तेव्हा मीही गुपचूप फिरायचो. एका शिंप्याच्या दुकानात बारा वर्षं राबलो. कापडाचे बारीक धागे पोटात जाऊन जाऊन माझी खडखड सुरू झाली. "वारा कमी घालतो आणि डोकं जास्त खातो," असं म्हणून शिंप्याने मला माळ्यावर फेकलं. तिथे मी तीन वर्षं धूळ खात पडलो होतो. मग एक दिवस कपडे शिवून घ्यायला आलेल्या एका ताईंनी त्याला विचारलं, "तुमच्याकडे खूप आवाज करणारा एखादा पंखा आहे का हो?" शिंपी त्यांच्याकडे बघतच राहिला.

या ताई मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार करायच्या. त्यांचा खाजगी दवाखाना होता, म्हणजे दोन लहान खोल्या. आतल्या खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या, बाहेर बसायला बाक. मधलं दार इतकं पातळ की आत कोणी उसासा टाकला तरी बाहेर ऐकू येई. असं असल्यावर माणूस पोटातलं कसं बोलणार? म्हणून ताईंनी मला दाराबाहेर स्टुलावर बसवलं, भिंतीकडे तोंड करून. वारा भिंतीला आणि खडखड सगळ्यांना!

कोणी आत गेलं की नोंदवही सांभाळणाऱ्या मावशी माझं तीन नंबरचं बटण दाबायच्या. दार उघडलं की मला बंद करायच्या. त्यामुळे आत काय बोललं जाई ते मला कधीच कळलं नाही. मी फक्त पावलं ओळखायचो. आत जाताना जड असलेली पावलं बाहेर येताना कधीकधी हलकी झालेली असत. तेवढ्यावर मी खूश असायचो. एकदा वायरमन तेलाची बाटली घेऊन माझ्याकडे वळला, तेव्हा मावशी धावतच आल्या. "अहो, हात लावू नका त्याला! तो बिघडलेलाच बरा आहे!" माझं असं कौतुक आयुष्यात कोणी केलं नव्हतं.

दर गुरुवारी चार वाजता एक काका येत. शाळेची बस चालवून निवृत्त झालेले, उंच आणि अबोल. घरी ते 'वाचनालयात जातो' असं सांगून निघत. म्हणून काखेत नेहमी एक पुस्तक असे. आठ महिने तेच पुस्तक.

"काका, संपलं नाही का हो अजून?" मावशी चिडवायच्या.

"जाड आहे हो फार," काका म्हणायचे.

एका गुरुवारी दार उघडलं, मी बंद झालो, आणि दारातच काकांचा आवाज माझ्या कानावर आला. "पुढच्या गुरुवारी सगळं सांगतो, ताई. आता ठरवलंय मी."

तो पुढचा गुरुवार आलाच नाही. साथ आली, लॉकडाऊन लागला. मावशींनी खिडक्या लावल्या, माझी पिन काढली आणि बाहेरून कुलूप घातलं.

मित्रांनो, त्यानंतरच्या दिवसांचं काय सांगू? समोर भिंत. पाठीमागे रिकामा बाक. रस्त्यावर एक गाडी नाही की एक हाक नाही. ज्याचा जन्म आवाज करण्यात गेला त्याला अशा शांततेत बसवणं म्हणजे शिक्षाच हो. मी मनातल्या मनात वार मोजायचो. गुरुवार आला की जिन्याकडे कान लावायचो. वाटायचं, ती मंडळी आता कुठे बोलत असतील? घराघरात माणसं भरलेली, मग त्यांना एकटं बसून रडायला जागा तरी मिळत असेल का? मला फार एकटं वाटायचं. पण माझ्यापेक्षा ती माणसं एकटी असतील, हा विचार आला की माझंच मला कसंतरी व्हायचं.

सात आठवड्यांनी कुलूप वाजलं. ताई एकट्याच आल्या होत्या, तोंडाला मास्क, हातात परवानगीचा कागद. ऐकायला कोणीच नव्हतं म्हणून त्यांनी दार उघडंच ठेवलं आणि टेबलावर फोन ठेवून तो मोठ्या आवाजात लावला. गुरुवार होता. चार वाजले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला आतलं ऐकू येणार होतं आणि मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

"काका, कसे आहात?"

"बरा आहे."

"झोप लागते?"

"हं."

"ते विचार येतात का अजून?"

काका अगदी हळू, "येतात. वाढलेत."

तेवढ्यात त्यांच्या घरातून बाईचा आवाज आला. "कोणाचा फोन हो?"

"वाचनालयाचा."

"वाचनालय बंद आहे ना?"

"पुस्तक राहिलंय आपल्याकडे, म्हणतायत," असं म्हणून काकांनी फोन ठेवला.

ताईंनी लगेच मावशींना फोन लावला. "मला काकांची काळजी वाटते हो. माणूस आतून बुडत चाललाय आणि घरात तोंड उघडता येत नाही त्याला. गच्चीला कुलूप, खाली जाऊन बसायला बंदी. बोलणार कुठे?" बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांच्या खुर्चीतून मी दिसत होतो.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटरवर ताईंच्या पायांपाशी बसून काकांच्या इमारतीच्या फाटकाशी पोचलो. काका खाली आले. ताई मला ठेवून लांब सरकल्या.

"घरी काय सांगू?" काकांनी विचारलं.

"सांगा, वाचनालयाने उकाड्याचा पाठवलाय," ताई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी काका हसले असावेत, कारण हसताना त्यांना ठसकाच लागला.

घर दोन खोल्यांचं. बाहेर काकांचा मुलगा कानाला हेडफोन लावून कामाला बसलेला, काकू भाजी निवडत असलेल्या. पुढच्या गुरुवारी काकांनी मला आतल्या खोलीबाहेर, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तीन नंबर दाबला आणि दार लावून घेतलं.

"हा पंखा आहे की गिरणी?" मुलगा करवादला. "माझी मीटिंग आहे, आई!" आणि त्याने खटकन मला बंद केलं.

एकदम सगळं शांत झालं. बंद दारातून काकांचा आवाज स्वच्छ बाहेर आला. "...सकाळी उठावंसंच वाटत नाही, ताई. कधी उठूच नये असं वाटतं. घरी कोणाला सांगू? त्यांचा धीर सुटेल..."

मुलाचा हात माझ्या बटणावर तसाच राहिला. तो दाराकडे निघाला, पण काकूंनी त्याचा दंड घट्ट धरला आणि मान हलवली. मग त्यांनीच माझं बटण दाबलं. तीन नंबर. "चल रे बाबा," त्या पुटपुटल्या, "वाज जोरात. बोलू दे त्यांना." आणि मी वाजलो! पाती निखळून पडली असती तरी पर्वा नव्हती. काकू माझ्याशेजारी जमिनीवर बसून राहिल्या. त्या रडत होत्या. मुलगा मीटिंग विसरून त्यांच्याजवळ येऊन बसला.

तासाभराने काका बाहेर आले. डोळे लाल होते, पण पावलं मी ओळखली. बरीच हलकी होती.

"मधे पंखा थांबला होता का गं?"

"लाइट गेली होती," काकू म्हणाल्या. "चहा ठेवू?"

काकांनी आत आणखी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, आणि ते ऐकणं माझं कामही नाही. मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी दार लावून बोलत असेल, तर दाराला कान लावू नका. बाहेर जरा भांडी वाजवा, गाणी लावा आणि त्याची वाट बघत जवळपास थांबा.

पुढच्या गुरुवारी चारला पाच मिनिटं होती. काका बिछान्यावर नुसतेच बसून होते. मागच्या वेळी आपलं बोलणं बाहेर गेलं असेल, या धास्तीने मला हात लावायची त्यांची हिंमत होत नव्हती. काकूंनी पदराने माझी जाळी पुसली, मला स्टुलावर ठेवलं, भिंतीकडे तोंड वळवलं. मग आत बघून त्या रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, उठा ना. वाचनालयाची वेळ झाली तुमची."