अर्धे डॉक्टर

"याआधी काय काय दिलंय हिला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काहीच नाही," सून म्हणाली. "मीठ-साखरेचं पाणी तेवढं. न विचारता आम्ही साधी गोळीसुद्धा देत नाही."

हॉस्पिटलच्या खाटेवर तिची दीड वर्षाची मुलगी डोळे अर्धवट मिटून पडली होती. तीन दिवस जुलाब, आणि आज सकाळपासून त्यात रक्त.

भिंतीशी तिचे सासरे, मुलीचे आजोबा, उभे होते. चौतीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेला माणूस. गल्ली त्यांना 'अर्धे डॉक्टर' म्हणायची, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं. पोराला जुलाब लागले की आया थेट त्यांच्याकडे यायच्या. ते अँटिबायोटिकची बाटली देत आणि बजावत, "थांबलं की बंद करा. उगाच लेकराच्या पोटात औषध ढकलू नका." आपण फार जपून औषध देतो, असा त्यांचा समज होता. सुनेचाही होता.

"मग हे इंजेक्शन सुरू करते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तपासणीचा रिपोर्ट दोन दिवसांनी येईल. तोवर थांबण्यात अर्थ नाही."

काउंटरपलीकडून डॉक्टरांचं अक्षर उलटं वाचण्यात आजोबांचा जन्म गेला होता. कागदावरचं नाव त्यांनी वाचलं. आता गप्प राहिलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं.

"ते नका देऊ," ते म्हणाले. "त्याच जातीचं औषध मी परवापासून देतोय हिला. काही फरक नाही. मागच्या महिन्यात दुसरं दिलं होतं. दात येत होते तेव्हाही, दोनदा."

"किती दिवस?"

"दोन-दोन दिवस. थांबलं की बंद."

सून वळली. "बाबा, मी कामावर गेल्यावर?"

"हो."

डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पहिलं नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं. "वॉर्डातल्या निम्म्या पोरांच्या पोटात असेच जंतू आहेत. जहाल, वर औषधांना दाद देत नाहीत. तुमच्याच औषधानं ते सरावले असं नाही म्हणता येणार."

"माझ्या नाही असंही नाही म्हणता येणार," आजोबा म्हणाले.

नात वाचली. रिपोर्ट आला तेव्हा कळलं, पहिल्या इंजेक्शनचा काडीचाही उपयोग झाला नसता. सुनेनं ते दोनदा वाचलं आणि कागद घडी करून ठेवला. सासऱ्यांना ती एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर त्यांना निदान मान खाली घालून ऐकता तरी आलं असतं.

घरी आल्यावर चौदा दिवस झिंकची गोळी पाण्यात विरघळवून द्यायची होती. त्यानंतर कामावर पहिल्यांदा निघाली त्या सकाळी सून चपला घालत होती. आजोबांनी सवयीनं गोळ्यांच्या पाकिटाकडे हात नेला.

"राहू द्या, बाबा," ती हळूच म्हणाली. "मी आल्यावर देईन."

पाकीट तिनं पर्समध्ये टाकलं. मग नातीला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं, तिचं झबलं सारखं केलं आणि ती कामाला गेली.