मामाचा प्रोसेसर

माझ्या भावाकडे पाच मागा, तो सात आणणार. लहानपणापासूनची खोड. आईने पाच पाट मांडायला सांगितले की हा सात मांडायचा, आणि मग पाट रिकामे राहू नयेत म्हणून रस्त्यावरून दोन माणसं जेवायला बोलावून आणायचा. रोहिदासदादाच्या या दिलदारपणाचं लोकांना फार कौतुक. निस्तरावं मात्र बहिणीला लागतं. माझ्या लेकीच्या, रूपालीच्या लग्नात त्याने जे केलं ते निस्तरताना माझ्या नाकी नऊ आले.

रूपाली कळंबच्या एका रिसॉर्टवर काउंटरला बसते. दिवसभर पाहुण्यांशी हसून बोलायचं आणि संध्याकाळी कडावला घरी आली की मोबाईलवर गेम. नुसता टाइमपास नाही, मैत्रिणींची एक टोळीच आहे, कुणी बदलापूरची, कुणी नाशिकची, आणि आमची बाई त्यांची म्होरकी. मोबाईल तापायचा आणि ऐन लढाईत मान टाकायचा. खालापूरच्या मनोजशी तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने मला एकच गोष्ट सांगितली. आहेरात कपाट नको, मिक्सर नको, भांडी तर नकोतच. तिला गेम खेळायचा कॉम्प्युटर हवा होता.

मी भडकले. मी अंगणवाडी चालवते, मुलांना खेळू द्या म्हणून आईबापांना समजावण्याचा मला पगार मिळतो. पण लग्नाची मुलगी सासरी खेळणं घेऊन जाणार म्हटल्यावर माझी सगळी शिकवण चुलीत गेली. निदान ऑफिसच्या कामाला हवा असं तरी सांग, म्हटलं.

"नाय," रूपाली म्हणाली. "खेळायलाच पायजे. खोटं सांगून नेला तर जन्मभर खोटंच सांगत बसावं लागंल."

 मनोज तर लगेच तयार झाला, खिडकीजवळचं टेबल त्याने रिकामंही करून ठेवलं. त्याच्या आईचं म्हणणं मात्र त्याने हसत सांगितलं तरी मला लागलं. चालू झाला तर राहू दे, म्हणाल्या, बंद डबा असेल तर त्या जागी तांदळाची कोठी बरी. म्हणजे कॉम्प्युटर नुसता नेऊन भागणार नव्हतं, तो चालायला हवा होता. नाही चालला तर माझ्या मुलीची हौस सगळ्या सासरच्या चेष्टेचा विषय होणार, आणि ती पुन्हा कधी काही मागणार नाही हे मी ओळखून होते.

तयार कॉम्प्युटरची किंमत ऐकून मी हातच जोडले. तेव्हा रूपालीनेच डोकं लढवलं. नातेवाईक आहेराला खर्च करणारच आहेत, मग प्रत्येकाने एकेक भाग द्यावा. भिसेगावच्या रस्त्याला विपुलचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याशी बोलून तिने भाग ठरवले आणि प्रत्येकाची ऐपत बघून वाटून दिले. मदरबोर्ड, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर बसतात ती पाटी, मनोजच्या मित्रांकडे. रॅमच्या दोन पट्ट्या, एक गोदाआत्याची आणि एक चिमामावशीची. पट्ट्या जोडीच्याच हव्यात म्हणून त्या दोघींना एका दुकानात एकत्र जावं लागलं. गेल्या पंचमीपासून त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, दुकानात तोंड उघडावंच लागलं. ग्राफिक्स कार्ड रूपालीने स्वतःच्या पगारातून घेतलं, जुनं पण विपुलकडे दिवसभर चालवून पाहिलेलं. मॉनिटर आणि पॉवर सप्लाय आम्हा आईबापांकडे. पॉवर सप्लाय स्वस्तातला बघितला तर तिने मला झापलं. खालापूरला वीज सारखी खाली-वर होते, बाकी कुठेही काटकसर कर, इथे नाही, म्हणाली.

मला तिचं सांगणं एवढंच कळलं की सगळे भाग एकमेकांशी जुळले पाहिजेत. एकच भारी आणून उपयोग नाही, बाकीचे त्याला झेपायला हवेत. माझ्या दिराला, जगदीशला, तिने कॅबिनेट सांगितलं. कॅबिनेट म्हणजे सगळे भाग ठेवायचं खोकं, सगळ्यांत मोठं आणि त्यामानाने स्वस्त. दादाला सांगितला प्रोसेसर, कॉम्प्युटरचं डोकं. पाच नंबरचा, म्हणून दोनदा बजावलं.

आमच्याकडे आहेर मांडवात माइकवरून पुकारतात आणि सगळ्यांदेखत मांडून ठेवतात. मामाच्या आहेराकडे तर लोकांचं जास्तच लक्ष. दादाने विपुलच्या दुकानात प्रोसेसर पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. बिस्किटाएवढा. जगदीशचं खोकं दोघे धरून आणणार, वर त्यात रंगीत दिवे, आणि सख्खा मामा खिशातून बिस्किट काढणार. आकार काही वाढवता येईना, म्हणून त्याने नंबर वाढवला. परस्पर कल्याणला गेला आणि सात नंबरचा, तोही नव्या पिढीचा, जवळजवळ दुप्पट किमतीचा उचलून आणला. घरी आणून सील फोडलं, देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं, आणि मग आम्हाला दाखवायला घेऊन आला.

रूपालीने हळद हलक्या हाताने पुसली, प्रोसेसर उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "मस्त हाय मामा." दादा चहा पिऊन खुशीत गेला.

तो गेल्यावर तिने मला दाखवलं. आधीच येऊन पडलेल्या मदरबोर्डला बारीक छिद्रांची जाळी होती, प्रोसेसरच्या पिना त्यात बसायच्या. मामाच्या प्रोसेसरला पिनाच नव्हत्या. या पिढीचा बोर्डच वेगळा. बोर्ड बदलायचा तर रॅम बदलायची, म्हणजे आत्या आणि मावशीला पुन्हा दुकानात न्यायचं, शिवाय मनोजच्या मित्रांना काय तोंड दाखवायचं? हळद लागलेला माल कल्याणचा दुकानदार परत घेणार नाही, हे तर उघडच होतं.

मामाला काही बोलू नकोस, रूपाली म्हणाली. ती हा असाच ठेवून देईल, वर्षभराने पैसे साठले की त्याच्या जोडीचा बोर्ड घेईल. हसून बोलली, रिसॉर्टवर पाहुण्यांशी हसते तसं. मला ते हसणं बघवेना. सासरचं वर्षभराने म्हणजे कधीच नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

पण सांगायचं कसं? मामाला त्याच्या आहेरात खोट काढून दाखवणं म्हणजे रुसवा विकत घेणं. आणि मामा रुसला तर मुलीला मांडवात घेऊन कोण येणार? आमच्या सगळ्या नात्यागोत्यात मामा रुसल्याची अशी लग्नं लोकांना तारखेनिशी आठवतात. शेवटी मी मनाशी म्हटलं, रुसला तर रुसला, भाऊ माझा आहे, मुलगीही माझीच आहे. रविवारी त्याच्या वाडीवर गेले.

दादा फार्महाऊसांच्या फरश्या बसवायचं काम करतो. अंगणात उरलेल्या फरश्यांचे तुकडे जुळवत बसला होता. मी आडवळण घेतलं नाही. तुझा प्रोसेसर तिच्या बोर्डात बसत नाही, म्हटलं.

"भारीतला हाय तो," दादा म्हणाला.

"भारीतला हाय, पन तिचा नाय. दादा, तुझ्या मोठेपनात पोरीची हौस मरंल. तिनं पाच मागितला व्हता. पाचच का नाय आणलास?"

दादाने हातातला तुकडा खाली ठेवला आणि उठून गोठ्याकडे गेला. वहिनी चहा घेऊन आली, तोही मी घेतला नाही. मी तशीच परत आले आणि वाटभर स्वतःच्या जिभेला शिव्या दिल्या.

लग्नापर्यंत त्याचा फोन आला नाही. मी केला तर वहिनीने उचलला, कामावर गेलेत म्हणाली. रूपालीने विचारलं मामाचं काय झालं, तेव्हा मी तिच्यावरच खेकसले.

लग्नाच्या सकाळी दादा आला. नवा सदरा, डोक्याला टोपी, माझ्याकडे न बघता सरळ रूपालीच्या खोलीत. वेळ झाली तसा तिला हाताला धरून मांडवात घेऊन आला. माझा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. नंतर आहेर सुरू झाला. आहेर पुकारायला गावातला पोशा माइकवर होता. जगदीशचं खोकं खरोखर दोघांनी धरून आणलं, मनोजच्या मित्रांनी दिवे लावून दाखवले, मांडवात कुजबुज झाली. मग मामाचं नाव पुकारलं. दादाने खिशातून छोटीशी डबी काढली. पोशाने विचारलं, काय सांगू, कितीचा? दादाने त्याच्या हातातून माइकच घेतला.

"माझ्या भाचीनं पाच नंबरचा मागितला व्हता," तो म्हणाला. "मी शानपना करून सातचा आणला. तो तिच्या काय कामाचा नव्हता. म्हणून तो इकला आन पाचचाच आणलाय. पोरीनं जो मागितला, तोच हा आहेर."

एवढं बोलून माइक पोशाला देऊन खाली बसला. मागाहून कळलं, विपुलला गाठून त्याने तो सातचा तोट्यात विकायला लावला होता आणि त्यातूनच हा घेतला होता. मांडवात कोणीतरी हसलं. मी रडले. मुलीची आई लग्नात रडणारच, म्हणून कुणी कारण विचारलं नाही. आपल्या बायकांना लग्नात सगळं मिळतं, डोंगराएवढं मिळतं, पण मागितलेलं मिळाल्याचं मी तरी पहिल्यांदा पाहत होते. आणि देणारा माझा भाऊ होता, याचा मला इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही.

रूपालीला माहेरपणाला आणायला दादा आणि मी खालापूरला गेलो. खिडकीजवळच्या टेबलावर कॅबिनेट उघडं पडलं होतं. सगळं जोडून झालेलं, फक्त डोकं बाकी. मामा येईपर्यंत थांबले होते, रूपाली म्हणाली. तिने त्याला प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण दाखवला, बोर्डावरच्या त्रिकोणावर तो आला पाहिजे, आणि जोर अजिबात लावायचा नाही. दादाने श्वास धरून प्रोसेसर ठेवला. फरशी बसते तसा तो सपाट बसला. दांडी खाली करून रूपालीने वर पंखा लावला, वायरी जोडल्या, आणि बटण दाबलं.

पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाच. रूपालीची सासू दारात उभी होती, हातात सूप घेऊन. मनोज उगाच वायरी हलवायला लागला. दादाच्या कपाळावर घाम आला, आणि मला त्या तांदळाच्या कोठीची जागाही दिसायला लागली. रूपालीने मनोजचा हात बाजूला केला, मागे वाकून पाहिलं, आणि मॉनिटरची वायर काढून खालच्या जागी, ग्राफिक्स कार्डात लावली. चुकून बोर्डात खोचली होती. पडदा उजळला.

"चालू झाला ना? मग राहू दे," सासूबाई म्हणाल्या, आणि तिथेच खुर्ची ओढून बसल्या. रूपाली आता हसली ते हसणं काउंटरवरचं नव्हतं.

गेम इंटरनेटवरून उतरून यायला वेळ लागणार होता. दादा आणि मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. तो ओट्याच्या फरशीवरून हात फिरवत होता. मला वाटलं, त्या रविवारचं बोलणं अजून मनात आहे, आता काढणार.

"वने," तो म्हणाला, "तुझ्या लग्नात तुला काय पायजे व्हतं गं?"

 इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. पण उत्तर होतं, आतमध्ये तसंच जागेवर होतं.

"सायकल," मी म्हटलं.

दादाने मान हलवली. आता या वयात चालवशील का, असं तो म्हणाला नाही. येत्या बुधवारी कर्जतला जाऊ, म्हणाला.

"मी एकटा नाय आणायचो," तो म्हणाला. "तू संगं चल. तू सांगशील तीच घ्यायची."